मंद्रूपच्या आभाळातला पांढरा ठिपका

सोलापूरहून विजयपूरकडं जाताना वडकबाळला सीना ओलांडली की पुढं मंद्रूप लागतं. तिथं एका फोटो स्टुडिओत मामा-भाच्याचा वाद झाला, तो मी समोर बसून ऐकला. भाचा स्टुडिओचा मालक, लग्नसराईत चार घटका बसायला न मिळणारा. मामा हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. एवढी ओळख पुरे.

वादाचं कारण प्री-वेडिंगचे फोटो. फेब्रुवारीत, सकाळी आठच्या सुमाराला, हत्तरसंग कुडलच्या संगमावर काढलेले. जोडीच्या मागं सीना-भीमेचं पाणी, वर स्वच्छ निळं आभाळ आणि त्या आभाळात पांढरे ठिपके. नवरीच्या भावानं ते मोठे करून फोनवर फिरवले आणि संध्याकाळपर्यंत कुडलवर काहीतरी येऊन गेलं अशी बोलवा झाली.

भाचा – मी तबकडी-बिबकडी म्हणत नाही, मामा. पण ठिपका हाय का नाही? हाय. मग तो कशाचा ते सांगा.

मामा – तीन फोटो, तीन ठिपके. तिन्हींचं उत्तर एकच असेल हे तुला कुणी सांगितलं? एकेक घे.

पहिला फोटो मोबाइलवरचा होता. वर डाव्या कोपऱ्यात सूर्य, खाली उजवीकडं हिरवट-पांढरा ठिपका. मामांनी टेबलावरची पट्टी उचलून सरळ पडद्यावर टेकवली. सूर्य, फोटोचा मध्य आणि ठिपका एका रेघेत आले. मध्यापासून सूर्य जितका दूर, तितकाच पलीकडं ठिपका.

भाचा – हे फ्लेअर हाय, मला माहीत हाय. भिंगात आत उजेड आपटून येतो. फोन जरा वळवला की तोही सरकतो. ह्याच्यासाठी तुम्हाला बोलावलं नव्हतं.

मामा – तुला माहीत आहे, पण ज्यांनी तो फिरवला त्यांना नाही. दुसरा दाखव.

दुसऱ्यात सूर्य झाडामागं झाकलेला होता आणि झाडाच्या कडेला एक फिकट गोल चकती होती, मऊ कडांची. कॅमेरा भराभर फोटो घेत होता तेव्हाची ही मालिका. आधीच्या फोटोत चकती नाही, नंतरच्या फोटोतही नाही.

मामा काही न बोलता उठले आणि आम्हाला मागच्या अंगणात घेऊन गेले. पत्र्याच्या कडेआड सूर्य पुरता झाकला जाईल असं उभं केलं आणि कडेच्या जरा वर बघायला सांगितलं. सूर्याकडं चुकूनही बघू नका, असं दोनदा बजावलं. क्षणभर काही दिसेना. मग दिसायला लागलं. आभाळात पांढरे कण तरंगत होते, एक वर चढणारा, दुसरा आडवा जाणारा, एखादा लखकन चमकून विझणारा. रुईची बोंडं फुटायचे ते दिवस. म्हाताऱ्या उडत होत्या, मध्येच कोळ्याचा एखादा तंतू, बारीक किडे. सूर्य मागं असला की असला कण पेटल्यासारखा दिसतो आणि कॅमेऱ्याच्या जवळ असला की त्याची चकती होते. रोज डोक्यावरून जाणारी ही वर्दळ मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.

भाचा – बरं, हे पटलं. आता तिसरा बघा. माझी झोप ह्यानं उडवलीय.

तिसरा फोटो मोठ्या कॅमेऱ्याचा, ८५ मिलिमीटरच्या भिंगातून घेतलेला. दिशा पूर्व-ईशान्य, सूर्य चौकटीबाहेर. नदीपलीकडच्या विजेच्या खांबावर क्षितिजापासून जरा उंच एक पांढरा ठिपका. शेपूट नाही, पंख नाहीत. भाच्यानं तो मोठा केला. पाच-सहा पिक्सेल रुंद, मधे पांढरा, कडेला निळ्यात विरत गेलेला. आणि मुख्य म्हणजे, चार-पाच मिनिटांनी त्याच दिशेला घेतलेल्या फोटोतही तो होता. खांबाच्या मानानं किंचित सरकलेला.

भाचा – फ्लेअर म्हणाल तर सूर्य चौकटीत नाही. म्हातारी म्हणाल तर ती चार मिनिटं थांबत नाही. सेन्सरचा मेलेला पिक्सेल म्हणाल तर तो सगळ्या फोटोंत त्याच जागी आला असता. विमान एवढ्या वेळात आभाळ ओलांडून गेलं असतं. शुक्र म्हणाल...

मामा – शुक्र मी बघितला. तो दिवसासुद्धा नुसत्या डोळ्यांनी दिसतो, आभाळ स्वच्छ असलं आणि नेमकी जागा माहीत असली तर. पण सूर्यापासून ४७ अंशांपलीकडं तो कधी जात नाही. त्या सकाळी तो क्षितिजाखाली होता, फोनवरच्या नकाशात तपासलं. गुरू दिवसाउजेडी इतका ठळक येणार नाही. मला वाटतं, हा हैदराबादचा फुगा आहे.

हैदराबादेत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं बलून केंद्र आहे, १९६९ पासून. पातळ पॉलिथिनचे, हायड्रोजन भरलेले प्रचंड फुगे तिथून सोडतात. पूर्ण फुगल्यावर व्यास ५० ते ८५ मीटर, उंची ३० ते ४२ किलोमीटर. उड्डाणं रात्री आठ ते सकाळी साडेसहाच्या दरम्यान. उपकरणं हैदराबादपासून २०० ते ३५० किलोमीटरवर, विशाखापट्टणम–हैदराबाद–सोलापूर या पट्ट्यात उतरू शकतात, असं संस्था जाहीर सूचनेत सांगते. आपला जिल्हा त्या पट्ट्यात आहे, हे जिल्ह्यातल्या किती जणांना माहीत असेल?

मामांनी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. पूर्ण आकाराचा सेन्सर, आडवे ६००० पिक्सेल, ८५ चं भिंग. १८० किलोमीटरवर, म्हणजे बीदरच्या आसपास, एका पिक्सेलमध्ये साधारण १३ मीटर मावतात. पाच-सहा पिक्सेल म्हणजे ६५ ते ८० मीटर. ३५ किलोमीटर उंचीवरचा फुगा तिथून आपल्याला क्षितिजापासून दहा अंश वर दिसेल. फोटोतली उंची जवळपास तेवढीच भरत होती.

मामा – बघ. आकार जुळतो, उंची जुळते, वेळ जुळते.

भाचा – अंतर तुम्ही कुठून आणलं?

मामा गप्प.

भाचा – एकशेऐंशी किलोमीटर तुम्ही धरलंत, म्हणून सत्तर मीटर आलं. मी दहा किलोमीटर धरतो. मग हा चार मीटरचा निघतो. एक किलोमीटर धरला तर हातभर. जत्रेतला गॅसचा फुगा झाडाला अडकून उभा असंल. एका फोटोत अंतर नसतं, हे तुम्हीच मला नववीत शिकवलंय. आणि त्या दिवशी हैदराबादेतून फुगा सोडला होता का? हे तुम्हाला ठाऊक नाही, मलाही नाही.

मामा – ठाऊक नाही. तरी शक्यता सगळ्यात जास्त त्याचीच आहे.

भाचा – शक्यता जास्त म्हणा, माझी हरकत नाही. ‘फुगा आहे’ म्हणू नका. तुम्ही शिकलेली माणसं हाताशी असलेलं नाव पटकन चिकटवून मोकळी होताव. आमच्या गावातला माणूस ‘देवाचं काहीतरी’ म्हणून मोकळा होतो. पुढं बघायचं दोघंही बंद करायलाव.

इथं मला भाच्याचं पटलं. फुग्याचा अंदाज मला आजही सर्वांत बळकट वाटतो. पण तो अंदाज आहे आणि तसंच म्हटलं पाहिजे.

मामांना मात्र ही बरोबरी मान्य नव्हती.

मामा – दोघं सारखे नाहीत. माझं म्हणणं खोटं पाडता येतं. फुगा सोडणाऱ्यांकडं उड्डाणाची नोंद असते. नाही म्हणाले तर मी हरलो. ‘देवाचं काहीतरी’ कसं खोटं पाडशील? आणि अंतराचा प्रश्नही सुटतो. त्याच मिनिटाला सोलापुरातून कुणी तोच ठिपका टिपला असता, तर दोन्ही फोटोंतल्या दिशांत फरक पडला असता. कुडलहून सोलापूर उत्तरेला. वस्तू बीदरवर असती तर काही अंशांचा फरक, हात लांब करून धरलेल्या मुठीपेक्षा थोडा कमी. वस्तू नदीकाठी असती, तर सोलापूरकराला ती दिसलीच नसती. दुसरा फोटो पाहिजे. त्याशिवाय ठिपका म्हणजे नुसता ठिपका.

हे सांगताना मामांनी जेऊरचं नाव काढलं. करमाळा तालुक्यातलं जेऊर, रेल्वेनं मुंबईला जाताना ज्याच्या स्टेशनावरून आपण जातो. २२ जानेवारी १८९८ ला तिथून खग्रास सूर्यग्रहण दिसलं, दोन मिनिटांच्या आसपास. कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल तिथं आले होते, चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी नायगमवालाही आपली उपकरणं घेऊन जेऊरलाच होते. भरदिवसा काळोखलेल्या आभाळाचे फोटो आपल्या जिल्ह्यात तेव्हा निघाले.

त्या काळात सूर्याजवळचा ठिपका ही चेष्टेची गोष्ट नव्हती. बुधाची कक्षा हिशेबापेक्षा थोडी जास्त फिरते, हे फ्रान्सच्या ले व्हेरिए यांनी १८५९ मध्ये दाखवलं आणि बुधाच्या आत आणखी एक ग्रह असावा असं मांडलं. त्याला व्हल्कन नावही मिळालं. १८७८ च्या अमेरिकेतल्या ग्रहणात वॉटसन आणि स्विफ्ट या दोन अनुभवी निरीक्षकांनी सूर्याजवळ अनोळखी ठिपके पाहिल्याचं सांगितलं. मग लिक वेधशाळेनं १९०१, १९०५ आणि १९०८ च्या ग्रहणांत सूर्याभोवतालच्या आभाळाचे फोटो मुद्दाम याच शोधासाठी घेतले. १९०८ च्या फोटोंच्या काचांवरचा ठिपका न् ठिपका ताऱ्यांच्या नकाशाशी ताडला गेला. सगळे ओळखीचे तारे निघाले, व्हल्कन नव्हता. बुधाचं कोडं, शतकाला ४३ विकलांचं, आइन्स्टाइननं १९१५ मध्ये सोडवलं आणि त्याला नवा ग्रह लागला नाही.

मामा – बघितलंस? वॉटसनसारखा माणूस, स्वतः लघुग्रह शोधणारा. त्यालासुद्धा ठिपक्यानं चकवलं.

भाचा – आणि इजिप्तचं ग्रहण का सांगत नाही?

मामांच्या चेहऱ्यावर कौतुक दिसलं. भाच्यानं वाचलेलं होतं. १७ मे १८८२ ला इजिप्तमध्ये खग्रास ग्रहणाच्या वेळी सूर्याशेजारी एक धूमकेतू उमटला. कुणी वाट बघत नव्हतं, आधी कुणाला दिसला नव्हता, नंतरही कधी दिसला नाही. डोळ्यांनी पाहिला गेला आणि शूस्टर यांच्या फोटोत आला. तिथल्या खेदिवाच्या, म्हणजे राज्यकर्त्याच्या, नावावरून त्याला तौफीक म्हणू लागले.

भाचा – एकदाच दिसला, पुन्हा नाही. तुमच्या कसोटीनं तोही बाद करायचा का?

मामा – नाही. एका जागी बऱ्याच जणांनी एकाच वेळी बघितला, काचेवरही आला. पुन्हा दिसलाच पाहिजे असं मी म्हणत नाही. एकाहून जास्त साक्षी पाहिजेत, एवढंच. सोहो यानाचं बघ की. १९९५ मध्ये सोडलं, सूर्यावर नजर ठेवून आहे. त्याच्या फोटोंत पांढऱ्या ठिपक्यांचा नुसता सडा असतो. बहुतेक ठिपके सेन्सरवर आदळलेल्या विश्वकिरणांचे, एका फोटोत आले आणि पुढच्यात गेले. पण एखादा ठिपका ओळीनं चार-सहा फोटोंत सरकत सूर्याकडं जातो. तो धूमकेतू. मार्च २०२४ मध्ये पाच हजारावा सापडला. आणि त्यातले बहुतेक तुझ्यासारख्या हौशी माणसांनी घरी बसून शोधलेत.

वादाला वेगळं वळण लागलं ते इथं. भाचा थोडा वेळ माउस फिरवत राहिला. मग म्हणाला, ‘मामा, एक सांगू? अल्बम करताना हे सगळे ठिपके मी पुसतो.’

मामांना कळेना. त्यानं करून दाखवलं. डाग काढायचं हत्यार निवडलं, ठिपक्यावर टिचकी मारली आणि निळं आभाळ सपाट झालं. गिऱ्हाइकाला आभाळात डाग चालत नाहीत. पैसे मिळाले की कार्ड फॉरमॅट होतं, मूळ फाइल जाते. फोनवर फिरणाऱ्या प्रती दाबून लहान केलेल्या असतात, त्यांत वेळ राहत नाही, पिक्सेलही नाहीत. बहुतेक स्टुडिओंत हेच चालतं.

मामा – म्हणजे आभाळाचे इतके फोटो निघतात, आणि बघण्यासारखं जे असतं तेच तुम्ही पुसता?

भाचा – पोट त्याच्यावर हाय. पण तुम्ही लोकांनी ‘काही नसतं रे, फ्लेअर असतो’ म्हणून म्हणूनच आम्हाला पुसायची सवय लागली, हेही खरं हाय.

दोघांच्या भांडणापेक्षा मला हे जास्त लागलं. ज्या कुडलच्या संगमावर हे फोटो निघाले, तिथल्या संगमेश्वराच्या देवळात शके ९४० चा, म्हणजे १०१८ सालचा शिलालेख आहे, मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी दगडावर साल घातलं, म्हणून आज आपण त्याबद्दल खात्रीनं बोलू शकतो. त्याच देवळाशेजारी काढलेल्या फोटोची वेळ मात्र आठवड्याभरात नाहीशी होते. वेळसुद्धा धड नव्हती: मामांनी कॅमेऱ्याचं घड्याळ फोनशी लावून पाहिलं, ते अकरा मिनिटं पुढं निघालं.

शेवटी बोलणं जयंत नारळीकरांवर आलं. जानेवारी २००१ मध्ये हैदराबादच्याच केंद्रातून त्यांच्या गटानं एक फुगा ४१ किलोमीटरपर्यंत पाठवला. इतक्या उंचीवरच्या हवेत सूक्ष्मजीव आहेत का, हे त्यांना बघायचं होतं. २००५ च्या एप्रिलमध्ये पुन्हा फुगा सोडला. त्यातून जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या. त्यांना आर्यभट, इस्रो आणि नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल यांची नावं मिळाली. त्या पृथ्वीबाहेरून आल्या, असं मात्र सिद्ध झालं नाही आणि तसं इस्रोनं त्या वेळी जाहीरही केलं.

भाचा – एवढा मोठा माणूस आभाळात जीव शोधत होता. त्याला कुणी हसलं नाही, आणि आम्ही ठिपका बघितला की हसताव.

मामा – हसलो असेन तर चुकलं. पण ते कसे शोधत होते तेही बघ. निर्जंतुक केलेल्या नळ्या, वेगवेगळ्या उंचीवरचे नमुने, पुन्हा दुसरं उड्डाण, आणि उत्तर अर्धवट आलं तेव्हा ते अर्धवटच सांगितलं.

दोघं इथं जवळ आले, एकमत झालं नाही. भाच्याच्या मते तिसरा ठिपका अनोळखी आहे. मामांच्या मते तो बहुधा फुगा आहे. पण फाइल ठेवायची, यावर दोघे ठाम होते. ‘आभाळ’ नावाचा एक फोल्डर संगणकावर उघडला गेला. त्यात मूळ फोटो, दुरुस्त केलेली वेळ, दिशा, भिंग आणि शेरा: निर्णय झालेला नाही. हैदराबादला उड्डाणाची चौकशी करणारं पत्र मामा लिहिणार आहेत.

माझा कौल अर्धा-अर्धा नाही. ठिपक्याचं स्पष्टीकरण काय, यात मी मामांकडं झुकतो. पण ठिपका आधी जपून ठेवला पाहिजे, हा भाच्याचा आग्रह मला त्याहून मोलाचा वाटतो, कारण पुसलेल्या ठिपक्यावर मामांची पट्टीसुद्धा चालत नाही.

सोलापूर, धाराशिव, लातूरकडच्या वाचकांना, विशेषतः फोटोच्या धंद्यातल्या मंडळींना, माझी विनंती आहे. आभाळात काही वेगळं दिसलं तर एका फोटोवर थांबू नका. खांब, झाड, गच्चीची कड असं काही स्थिर चौकटीत धरून काही मिनिटांच्या अंतरानं आणखी फोटो घ्या, दुसऱ्या गावातल्या ओळखीच्याला फोन करून त्यालाही घ्यायला सांगा, आणि मूळ फाइल पुसू नका. कॅमेऱ्याचं घड्याळ आजच लावून घ्या. आणि वरून खरंच काही खाली आलं तर? एप्रिल २०२२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला धातूचं मोठं कडं पडलं होतं, चिनी रॉकेटचा तुकडा असल्याचं अभ्यासकांनी सांगितलं. त्याच वर्षी डिसेंबरात हैदराबादजवळ विकाराबाद जिल्ह्यातल्या शेतात फुग्याखालची एक मोठी कुपी उतरली आणि गावच्या गाव बघायला लोटलं. ती एका स्पॅनिश कंपनीची चाचणी होती. रानात रंगीत पॅराशूट आणि त्याला बांधलेली खोकी आढळली, तर उघडू नका, ओढू नका. काही उपकरणांत उच्च दाबाची वीज असते. जवळच्या पोलीस ठाण्याला कळवा. वस्तू न हाताळता कळवणाऱ्याला बलून केंद्र बक्षीसही देतं.